नऊ वर्षांच्या मुलाला आत्ताच प्लेट लावायची की थांबायचं?

या वेळचं पत्र जुळे सोलापूरहून आलंय, थोडं कमी करून इथं देते.

"मॅडम, माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. वरचे दात पुढे आहेत, खालचा जबडा मागे आहे, हनुवटी लहान दिसते. एका डॉक्टरांनी सांगितलं आत्ताच ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणायच्या दोन प्लेटा) लावा, जबडा वाढायची वेळ हीच, नंतर ऑपरेशनशिवाय पर्याय नाही. मोबाईलवर दुसऱ्या पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो पण दाखवले, खरंच चेहरा बदललेला दिसतो. दुसऱ्या डॉक्टर डेंटल कॉलेजात शिकवतात, त्या म्हणाल्या घाई नाही, बारा वर्षांचा झाला की या, संशोधन तेच सांगतं. मग मी गुगल केलं तर फेशियल ग्रोथ, ट्रीटमेंट आउटकम असले पेपर निघाले, डोकंच चालेना. वर्गातली पोरं त्याला चिडवतात. सासूबाई म्हणतात दुधाचे दात पडले की आपोआप बसतील. मिस्टर रील बघून त्याला जीभ टाळूला लावून बस म्हणतात. उशीर केला तर चेहरा कायमचा बिघडेल का? लहानपणी बाटलीने दूध पाजलं, माझीच चूक आहे का? माझ्या जावेच्या मुलीचं पण काहीतरी आहे, तिचा खालचा जबडा पुढे आहे, सात वर्षांची आहे, पण जाऊ म्हणते मोठी झाल्यावर बघू. – एक आई"

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, कारण तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. बाटलीमुळे तुमच्या मुलाचा जबडा मागे राहिलेला नाही. जबड्याचा आकार आणि तो कुठल्या दिशेनं वाढणार हे मोठ्या प्रमाणात आईवडिलांकडून येतं. अंगठा चोखायची सवय पाच-सहा वर्षांपुढं राहिली तर वरचे दात पुढे ढकलले जातात हे खरं आहे, आणि मूल कायम तोंडानं श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल तर एकदा कान-नाक-घसा वाल्यांना दाखवावं हेही खरं. पण तुम्ही काहीतरी केलं किंवा केलं नाही म्हणून हा चेहरा असा झाला असं नाहीये, तो विचार आजच सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. दोन-तीन वर्षं थांबलात तर त्याचा चेहरा कायमचा बिघडणार नाही. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मला कॉलेजातल्या मॅडमचं म्हणणं जास्त पटतं. पण "घाई नाही" म्हणजे "काहीच करायचं नाही" असं नव्हे, दोन गोष्टी आत्ता बघाव्या लागतील, त्यावर खाली येतेच.

वाढीचं असं असतं बघा, चेहरा सगळा एकदम वाढत नाही, वरून खाली वाढत येतो. कवटीचा मेंदूभोवतीचा भाग सहा-सात वर्षांपर्यंत जवळजवळ मोठ्या माणसाएवढा झालेला असतो, मग वरचा जबडा, आणि सगळ्यात शेवटी खालचा जबडा, तो तर उंची वाढायची थांबली तरी थोडा वाढत राहतो. म्हणून नऊ वर्षांच्या पोराची हनुवटी मागे दिसणं हे काही अंशी त्या वयाचंच दिसणं असतं. डेन्मार्कमध्ये आर्ने ब्योर्क म्हणून संशोधक होते, त्यांनी मुलांच्या जबड्याच्या हाडात अगदी बारीक धातूच्या पिना बसवल्या आणि वर्षानुवर्षं एक्स-रे काढून बघितलं की हाड त्या पिनांपासून नेमकं कुठं आणि किती वाढतं. कानापुढचा जो जबड्याचा सांधा, तिथं लहानपणी वर्षाला साधारण ३ मिलिमीटर वाढ होते, वयात येण्याच्या आधी ती जरा मंदावते आणि मग मुलांमध्ये ऐन जोरात वर्षाला ५ मिलिमीटरच्या वर जाते. म्हणजे तुमच्या मुलाच्या खालच्या जबड्याची मोठी वाढ अजून व्हायचीच आहे. "वाढीची वेळ हीच" हे वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही.

मग ते फोटो? ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट दिवाळीला आखूड होते तेव्हा पँटमुळे पोरगा वाढला असं आपण म्हणतो का? वाढणाऱ्या मुलाला दीड वर्ष प्लेट लावली आणि दीड वर्षानं हनुवटी पुढे आली, तर त्यातली किती प्लेटमुळे आणि किती ती तशीही येणारच होती हे एका मुलाच्या दोन फोटोंवरून कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. त्यात फोटो काढताना मान जरा वर केली, ओठ मिटले, की हनुवटी पुढे दिसते, आणि ज्या मुलांचा फरक पडला नाही त्यांचे फोटो कोणी मोबाईलमध्ये ठेवत नाही.

हाच प्रश्न ह्या विषयातल्या संशोधकांना शंभर वर्षं सतावतोय, आणि तुम्ही गुगलवर जे पेपर बघितले ते बहुतेक ह्याचीच उत्तरं शोधणारे आहेत. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं एका जागी पक्कं धरून बाजूनं एक्स-रे काढायची पद्धत आणली. तुमच्या मुलाचा जो एक्स-रे काढला असेल ना, कानात दोन दांड्या घालून, एका बाजूला तोंड करून उभं करून, तो तोच, सेफॅलोग्राम. डोकं दर वेळी तसंच धरलं जातं म्हणून ह्या वर्षीचा एक्स-रे पुढच्या वर्षीच्या एक्स-रेवर ठेवून काय हललं ते मोजता येतं. ब्रॉडबेंट यांनी क्लीव्हलँडमध्ये निरोगी मुलांचे असे एक्स-रे वर्षानुवर्षं काढले, पुढे टोरांटो, मिशिगन, आयोवा अशा ठिकाणीही तसा संग्रह झाला. काही उपचार न केलेल्या मुलांचे दर वर्षी नुसते अभ्यासासाठी एक्स-रे काढायला आज कोणी परवानगी देणार नाही, त्यामुळे ते जुने एक्स-रे आता सोन्यासारखे जपलेत, अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे दात-जबडे नीट बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या, फाउंडेशननं अशा नऊ संग्रहांतले बरेचसे स्कॅन करून एकत्र केलेत. कोणी म्हणालं आमच्या प्लेटनं जबडा एवढा वाढला, तर हात न लावलेला जबडा त्या वयात किती वाढतो ते तिथं बघता येतं.

पण जुन्या मुलांशी तुलना करणंही पुरेसं नव्हतं, म्हणून मग पुढची पायरी आली. सारखा प्रॉब्लेम असलेली मुलं घ्यायची, चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटायचं, एका गटाला लवकर उपचार, दुसऱ्याला नुसतं लक्ष ठेवून नंतर उपचार, आणि सगळ्यांची वाढ होईपर्यंत थांबायचं. हे काम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडा इथल्या विद्यापीठांत झालं आणि इंग्लंडमध्ये केविन ओब्रायन यांच्या गटानं केलं. इंग्लंडचं तुमच्यासाठी जास्त कामाचं, कारण तिथं ट्विन ब्लॉकच वापरला होता आणि १७४ मुलं ८ ते १० वयाची होती, म्हणजे अगदी तुमच्या मुलाच्या वयाची. सव्वा वर्षानंतर लवकर उपचारवाल्यांचे दात बरेच मागे आले, मुलांना स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं, फरक स्पष्ट होता. पण तो फरक बहुतांश दात सरकल्यामुळे होता, जबड्याच्या हाडाचा वाटा त्यात लहान. आणि दहा वर्षांनी सगळ्यांचे उपचार संपल्यावर पुन्हा मोजलं तर दोन्ही गटांच्या जबड्यांत फरकच उरला नव्हता. उशिरा सुरू केलेल्यांनी लवकरवाल्यांना गाठलं होतं, उलट लवकर सुरू केलेल्या मुलांना दवाखान्याच्या चकरा जास्त पडल्या, खर्च जास्त झाला, आणि शेवटी दातांची बसणीही थोडी कमीच निघाली. अमेरिकेतल्या दोन्ही अभ्यासांचा निष्कर्ष त्याच अंगानं गेला. नॉर्थ कॅरोलिनाच्या अभ्यासात तर ज्यांना काहीच लावलं नव्हतं त्यांच्यातल्याही काही मुलांचे जबडे आपोआप सुधारले, आणि प्लेट लावलेल्यांतल्या काहींचे सुधारले नाहीत.

एवढं असूनही चांगले, प्रामाणिक डॉक्टर लवकर सुरू करा असं का सांगतात, तर त्यांनी जे डोळ्यांनी बघितलंय ते खरंच असतं, प्लेट लावलेलं मूल सुधारताना त्यांना दिसतं, न लावलेलं मूल सुधारताना त्यांच्या खुर्चीत कोणी बसत नाही. त्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं असं मनात आणू नका. फक्त त्यांना शांतपणे एक विचारा, "हे आत्ता केल्यामुळे बाराव्या वर्षी ब्रेसेस लावायचं टळेल का?" बहुतेक उत्तर नाही असंच येईल, म्हणजे उपचार दोनदा होणार, पैसे दोनदा जाणार, आणि मूलही दोनदा कंटाळणार. ऑपरेशनच्या भीतीचंही तसंच, वाढ शिल्लक असताना बारा-तेराला सुरू केलं तर बहुतेक मुलांचं ऑपरेशनशिवाय होतं, ज्यांचा जबडा फारच मागे असतो त्यांचा प्रश्न नवव्या वर्षी प्लेट लावूनही सुटतोच असं नाही.

आता त्या दोन गोष्टी ज्या आत्ताच बघायच्यात.

पहिली, मार लागण्याची. वरचे समोरचे दात पुढे असले की पोरगा पडला तर आधी दात आपटतात. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमधलं आडवं अंतर, आम्ही त्याला ओव्हरजेट म्हणतो, ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असलं तर दाताला इजा व्हायची शक्यता जवळपास दुप्पट होते. घरी बघायचं असेल तर त्याला मागच्या दाढांवर नीट चावायला सांगा (बऱ्याच मुलांना जबडा पुढे घेऊन चावायची सवय असते, ते होऊ देऊ नका), कंपासमधली छोटी पट्टी समोरून आडवी धरा आणि खालच्या दाताच्या पुढच्या बाजूपासून वरच्या दाताच्या कडेपर्यंत किती येतं ते बघा. डॉक्टरांचं माप अर्थातच जास्त अचूक, पण अंदाज येतो. लवकर उपचारांचा जो एक फायदा सगळे अभ्यास एकत्र करूनही टिकून राहिला तो हाच, दातांना इजा कमी होते. त्यामुळे अंतर खूप असेल, ओठ मिटतच नसतील, आणि पोरगा दिवसभर सायकल नाहीतर क्रिकेटमध्ये असेल, आधी एकदा दात आपटलेला असेल, तर आत्ता प्लेट लावणं ह्यात चूक काहीच नाही, फक्त ती दात वाचवायला लावतोय हे तुमच्या मनात स्पष्ट असू द्या, जबडा वाढवायला नव्हे. प्लेट नको असेल तर खेळताना माउथगार्ड. आणि कधी पक्का दात पूर्ण निघूनच आला तर मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, एरवी तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून लगेच जागेवर बसवता आला तर बसवायचा, नाहीतर दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा, सासूबाईंनाही.

दुसरी गोष्ट, चिडवणं. ह्याला मी छोटी गोष्ट मानत नाही. मोजमापात न येणारं दुःख असतं ते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला "बाराव्या वर्षी बघू" म्हणजे अख्खं आयुष्य वाटतं. तो शाळेत जायला टाळत असेल, बोलताना तोंडावर हात धरत असेल, फोटोत हसत नसेल, तर दात थोडे मागे घ्यायला आत्ता सुरुवात करणं हे कारण पुरेसं आहे. पण तो स्वतः काय म्हणतो? तुमच्या पत्रात त्याचं एकही वाक्य नाहीये ताई. ट्विन ब्लॉक म्हणजे वर एक आणि खाली एक अशा दोन प्लेटा, चावताना त्यांचे उतरते ठोकळे एकमेकांवर घसरून खालचा जबडा पुढे आणतात, दिवसरात्र घालायच्या, जेवतानाही, पहिला आठवडा लाळ गळते, 'स' नीट म्हणता येत नाही, गालाला टोचतं. जे मूल स्वतःहून हो म्हणतं ते हे निभावतं. आईच्या आग्रहाखातर लावलेली प्लेट दप्तरात रुमालात गुंडाळून पडलेली मी खूप वेळा बघितली आहे. वर्गशिक्षिकेला भेटून चिडवणाऱ्या पोरांचं बघणं हेही उपचारच आहे, आणि ते सोमवारीच करता येतं.

थांबायचं ठरवलंत तर बारा हा आकडा पंचांगातल्या मुहूर्तासारखा धरू नका, मुलं वयानं नाही, वाढीनं मोठी होतात, कोणाचा जोर अकराला येतो कोणाचा चौदाला, मुलींचा साधारण दोन वर्षं आधी. दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलनं उंचीची खूण करत जा, तारीख टाकून, खुणांमधलं अंतर वाढायला लागलं की डॉक्टरांकडे जायची वेळ झाली. सेफॅलोग्राममध्ये मानेचे मणके दिसतात, त्यांच्या आकारावरून वाढ कुठवर आली ह्याचा अंदाज डॉक्टर घेतात, पण ती पद्धत काही शंभर टक्के पक्की नाही, तुमच्या चौकटीवरच्या खुणा त्यांच्या फार उपयोगाला येतील. मधल्या काळात सहा महिन्यांतून एकदा दाखवत राहा, कीड लागू देऊ नका.

सासूबाईंचं थोडं बरोबर, थोडं नाही. दुधाचे आणि पक्के दात एकत्र असायच्या वयात समोरच्या फटी, तिरके दात पुष्कळदा आपले आपण बसतात, पण दोन जबड्यांतलं एवढं अंतर दुधाचे दात पडल्यानं भरून येत नाही. आणि मिस्टरांना सांगा, जीभ टाळूला लावून जबडा वाढतो ह्याला धड पुरावा नाही, अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या संघटनेनंही तसं जाहीर सांगितलंय. पोराला सारखं टोकत राहिलात तर त्याला एवढंच कळेल की बाबांनाही माझा चेहरा आवडत नाही. ते बंद करायला लावा, प्लीज.

पुढं ब्रेसेस लागतील तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते, आपल्याकडं कडक भाकरी, हुरडा, भाजलेल्या शेंगा हे सगळं ब्रॅकेट (दातावर चिकटवलेले तारेचे तुकडे) उडवणारं आहे, भाकरी मऊ करून किंवा आमटीत चुरून, शेंगा चटणी बारीक कुटलेली चालते पण नंतर ब्रश करायचाच. आणि तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घालायचा, वॉशिंग्टन विद्यापीठात रिटेनर सोडून दहा-दहा वर्षं झालेल्या लोकांचे दात बघितले तर बहुतेकांच्या खालच्या समोरच्या दातांची पुन्हा गर्दी झालेली होती, कोणाची होणार आणि कोणाची नाही हे आधी ओळखताही आलं नाही. हे सगळं दोन-तीन वर्षांनी, आत्ता फक्त कानावर असू द्या.

आता तुमच्या जावेची मुलगी. ताई, तुमच्या पत्रात मुलाबद्दल पानभर आहे आणि तिच्याबद्दल दोन ओळी, पण घाई कोणाची करायची असेल तर तिची करा. खालचा जबडा पुढे असणं हे वेगळं प्रकरण आहे. तुमच्या मुलाची पुढची वाढ त्याच्या बाजूनं आहे, तिची तिच्या विरुद्ध जाते, खालचा जबडा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वाढतो हे वर सांगितलंच. कधी कधी खालचा जबडा मोठा नसतोच, वरचा मागे असतो, किंवा दात कडेवर कडा आपटतात म्हणून मूल चावताना जबडा पुढे सरकवतं, हे डॉक्टरांना पाच मिनिटांत कळतं, जबडा हलकेच मागे घेऊन समोरचे दात टेकतात का ते बघतात. वरचा जबडा मागे असेल तर त्याला पुढे ओढायला फेसमास्क असतो, कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी फ्रेम, रबरानं आतल्या प्लेटला जोडलेली, शाळेतून आल्यावर आणि रात्रभर घालायची. तो दहा वर्षांच्या आत चांगला चालतो. इंग्लंडमध्येच सात ते नऊ वयाच्या मुलांना दोन गटांत वाटून हे तपासलं, सहा वर्षांनी तज्ज्ञांनी बघितलं तर फेसमास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना पुढं ऑपरेशन लागेल असं वाटलं, न लावलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. सगळ्यांचं ऑपरेशन टळतं असं नाही, पण एवढा फरक वाया घालवायचा नसतो. सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा असं जे सांगतात ते सगळ्यांना तार लावायला नव्हे, असली मुलं वेळेत सापडावीत म्हणून.

"मुलगी आहे, मोठी झाल्यावर बघू" हे जावेला अजिबात म्हणू देऊ नका. मुलींची वाढ लवकर होते, तिच्या हातात तुमच्या मुलापेक्षा कमी वर्षं आहेत. गड्ड्याची जत्रा होऊ दे, परीक्षा होऊ दे असं न करता ह्याच महिन्यात घेऊन जा, खासगीत परवडत नसेल तर डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा, तिथं खर्च कमी येतो. तुम्ही सोबत जा. जाताना घरात कोणाचा खालचा जबडा असा पुढे असेल, आजोबांचा, आत्याचा, कोणाचाही, तर त्यांचा बाजूनं काढलेला एखादा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, डॉक्टर ते विचारणारच.